दोन दिवस दर्याकाठी



पौष-माघात जुन्नर-आंबेगावच्या बागायती घराला थोडी उसंत सापडते. रब्बीचा कांदा लावून झालेला असतो आणि उन्हाळी टोमॅटोच्या लागणीला अवकाश असतो. एकदा काढणी सुरू झाली आणि गावोगावच्या यात्रा आल्या, की मग कुणाला बसायला वेळ नाही.

आपल्याकडची बाई घराबाहेर पडते ती लग्नाला, दहाव्याला, माहेरी नाहीतर देवाला. लग्नाला गेली तरी पोळ्या लाटायला बसते. वारीला गेली तरी पहाटे उठून चूल पेटवते. नुसते बघायला आणि स्वस्थ बसायला ती कुठे गेली, असे फार थोड्या घरांत घडते. म्हणून यंदा दोन दिवस समुद्राकाठी जाऊन या, असे सुचवायचे आहे.

आपल्याला सोयीचे गाव अलिबाग. मंचर, राजगुरुनगर, चाकण, तळेगाव, लोणावळा, खोपोली, पेण असा रस्ता. नारायणगावाहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास पडते. दोन घरांनी मिळून जीप केली तर खर्च वाटला जातो. एस. टी.ने जायचे तर पुण्याला स्वारगेटवर गाडी बदला. २०२३ सालापासून बायकांना एस. टी.त निम्मे भाडे आहे, त्याचा फायदा घ्या.

तिथी बघून निघा

शहरातला माणूस शनिवार-रविवार बघून निघतो. त्या दिवशी गर्दी असते आणि खोलीचे भाडेही चढते. आपण तिथी बघावी. धरणाचे पाणी वर्षातून एकदा चढते, एकदा उतरते. समुद्राचे पाणी रोज दोनदा चढते आणि दोनदा उतरते. कोकणातला जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. द्वितीयेला दीड वाजता भरती. तिच्या सहा तास आधी, म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास, ओहोटी. अष्टमीला पाणी फारसे मागे हटत नाही, त्याला भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा भरती मोठी आणि ओहोटीही मोठी. म्हणून अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया धरून जा.

हे सांगायचे कारण कुलाबा किल्ला. तो समुद्रात आहे आणि पूर्ण ओहोटीला तिथे चालत जाता येते. म्हाताऱ्या माणसांना घोडागाडीही मिळते. मात्र हिशेब अंदाजाचा असतो. पाण्यात पाय घालण्याआधी किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारा आणि तो सांगेल त्या वेळेच्या आत परत फिरा. भरती सुरू झाल्यावर फोटोसाठी थांबू नये.

शिवनेरीच्या पायथ्याच्या माणसाने हा किल्ला बघायलाच हवा. महाराज १६३० साली आपल्या शिवनेरीवर जन्मले आणि १६८० साली, अखेरच्या दिवसांत, त्यांनी या किल्ल्याचे काम हाती घेतले. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथून दर्या राखला. तटाचे मोठे चिरे चुन्याशिवाय रचले आहेत, त्यामुळे लाटेचे पाणी फटींतून निघून जाते. आत गणपतीचे देऊळ आहे, आणि चहूकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर आहे.

कोळीवाडा

सकाळी लवकर उठून होड्या लागतात तिथे जा. कोळ्याला वावर नाही, बांध नाही, सातबारा नाही. डिझेल आणि बर्फ घेऊन तो निघतो; परत येताना हाती काय असेल ते दर्याच जाणे. मासळीचा भाव तासातासाला उतरतो. पिकलेला टोमॅटो नारायणगावच्या बाजारात नेणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. कांदा चाळीत ठेवता येतो, ओली मासळी ठेवता येत नाही; म्हणून बोंबील, जवळा वाळवायचा. आपल्या आठवडे बाजारातली सुकी मासळी अशाच किनाऱ्यांवरून येते.

पावसाळ्यात, जून-जुलैला, यंत्राच्या होड्यांना मासेमारीची बंदी असते. मासळीचा तो विणीचा काळ. बियाणे दळून खाऊ नये, हा शेतकऱ्याचा नियम तिथेही आहे.

बायकांनी कोळणींकडे जरूर बघावे. आणलेली मासळी ती विकते, भाव ती ठरवते आणि पैसा तिच्या कमरेच्या पिशवीत राहतो. आपल्या घरात कांद्याची पट्टी कुणाच्या खिशात जाते, याचा विचार परतीच्या वाटेवर करावा. घासाघीस मात्र बेताने करा. आपला माल कुणी पाडून मागितला तर कसे वाटते ते आपल्याला ठाऊक आहे.

पांढरा कांदा

माघ-फाल्गुनात रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतील. भात निघाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर हा कांदा घेतात. चवीला गोड, तिखटपणा कमी. बायका पातीसकट वेणी घालून त्याच्या माळा करतात. या कांद्याला अलिबागच्या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपण गोणीने विकतो, ते माळेने विकतात. एक माळ घ्या, आणि विकणारणीला लागवडीचे चार प्रश्न विचारा.

घरात माळकरी असतील तर त्यांचीही अडचण नाही. थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी मिळते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून भाजतात. फक्त बिनमांसाची हवी म्हणून आधी सांगा.

घरचा बंदोबस्त

दुभती जनावरे आणि बिबट्याची भीती असताना घराला कुलूप लावून जाता येत नाही. शेजाऱ्याशी पाळी लावा : या पंधरवड्यात त्यांनी आपला गोठा सांभाळायचा, पुढच्या पंधरवड्यात आपण त्यांचा. धार, वैरण, रात्रीच्या लाइटीची वेळ हे सारे कागदावर लिहून द्या. जनावरे संध्याकाळीच बंद गोठ्यात घ्यायला सांगा.

शेवटची गोष्ट कारभाऱ्यांसाठी. गाडीत स्टोव्ह, पीठ आणि पोळपाट चढवू नका. वाटेपुरत्या दशम्या-चटणी पुरे. दोन दिवसांत चार जेवणे विकतची घ्यावी लागतील. तो खर्च सहलीच्या हिशेबात आधीच धरा. तिला तिथेही भाकरी थापायला लावली, तर सहल तुमची झाली, तिची नाही.