कुलूप काढण्याची घाई

समजा तुमची शाळा रिसोडला किंवा मंगरूळपीरला आहे. नववीच्या गुणांचा तक्ता संगणक-कक्षातील सामाईक फोल्डरमध्ये आहे. गणिताचे सर त्यात गुण भरीत असताना वीज जाते. ती परत आल्यावर विज्ञानाच्या बाई दुसऱ्या संगणकावर तोच तक्ता उघडू पाहतात, तर सूचना येते : तक्ता दुसऱ्या कोणाकडे उघडा आहे. एखादा हुशार मुलगा लगेच म्हणतो, "बाई, तिथे एक लपलेली लॉक फाइल असते. ती पुसली की झाले!"

माझा विरोध आहे तो या 'झाले'ला.

लिब्रे ऑफिससारखा प्रोग्रॅम तक्ता उघडताना त्याच्या शेजारी एक छोटी फाइल करून ठेवतो. तीत वापरणाऱ्याचे नाव, संगणकाचे नाव आणि वेळ असते. तक्ता बंद केला की ती नाहीशी होते. वीज अचानक गेली, तर तिला पुसणारा कोणी उरत नाही. मालक गेला, पाटी तेवढी राहिली! पण सर दुसऱ्या खोलीत लॅपटॉपवर अजून गुण भरीत असतील, तरीही पाटी अशीच दिसेल. ती पुसून दोघांनी लिहिले, तर मागाहून जतन करणाऱ्याची प्रत पहिल्याचे काम घालवू शकते. प्रोग्रॅम इशारा देईलही. पण घाईत 'होय' दाबणारी बोटे काय कमी आहेत?

वाशीम स्टेशन अकोला–पूर्णा लोहमार्गावर आहे. आपल्याकडील कित्येक एकेरी मार्गांवर पूर्वी ड्रायव्हरला लोखंडी गोळा, म्हणजे टोकन, मिळाल्याशिवाय गाडी पुढे नेता येत नसे. शेजारच्या दोन स्टेशनांतील यंत्रे विजेच्या तारेने जोडलेली असत. एक गोळा बाहेर असेपर्यंत दुसरा निघत नसे. गोळा परत आला नाही, तर स्टेशनमास्तर यंत्र फोडीत नसे. गाडी कुठे आहे, हे आधी शोधावे लागे. आपणही तेच करावे. फाइलमधले नाव आणि वेळ वाचावी, त्या संगणकापाशी जाऊन पाहावे, सरांना विचारावे. (सगळ्या संगणकांना 'विद्यार्थी' असे एकच नाव देणाऱ्या शिक्षकांनी येथे थोडा विचार करावा.) मालक खरोखरच गेला असेल, तर पाटी खुशाल पुसा.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे. १९८३ साली बर्कलेच्या युनिक्समध्ये 'फ्लॉक' ही सोय आली. तीत कुलपाची नोंद संगणकाची कार्यप्रणाली स्वतः ठेवते. प्रोग्रॅम बंद पडला, की कुलूप आपोआप सुटते. शिळी पाटी मागे राहतच नाही. अर्थात हे कुलूप सल्लावजा आहे. जो प्रोग्रॅम विचारीतच नाही, त्याला ते अडवीत नाही. तरीही शक्य तेथे पाटीपेक्षा हेच वापरावे.

शाळेत हे करून पाहा. सामाईक फोल्डरमध्ये एक कोरा तक्ता एका संगणकावर उघडा. दुसऱ्यावर लपलेल्या फाइली दाखवण्याची सोय चालू करून ती छोटी फाइल साध्या मजकुरासारखी उघडा. कोणाचे नाव दिसते? आता पहिल्या संगणकावरचा तक्ता नीट बंद करा आणि दुसऱ्याच्या पडद्यावर लक्ष ठेवा. मेन स्विचला मात्र हात लावू नका.