चित्रपटाचें बदलतें माध्यम आणि मुलांची अभिरुचि

आमच्या बालपणीं व्ही.सी.आर. एका रात्रीपुरता भाड्यानें येई. भाडें वसूल व्हावें म्हणून तीन चित्रपट लागोपाठ पाहिले जात. त्यांत मारामारी नसलेला एखादा वडीलमंडळी हटकून घालीत. तो आम्ही जांभया देत पाहिला, आणि पुढें तोच स्मरणांत राहिला. मग सी.डी. आली, चित्रपट दोन तबकड्यांवर, आणि नावडता भाग ओलांडण्याची सोय. आतां मोबाईलवर अर्ध्याअर्ध्या मिनिटाचे तुकडे. बोटानें सारला कीं पुढचा हजर.

मुलांस वाईट तेंच आवडतें, असें आमचें म्हणणें नाहीं. जें हळूहळू आवडूं लागतें त्यास अवसरच मिळत नाहीं, ही आमची तक्रार आहे. आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा 'श्यामची आई' घ्या. पोहण्यास भिणाऱ्या श्यामला आई मारते, एवढाच तुकडा आमच्या वर्गांतील कांहीं मुलांनीं पाहिला होता. "बाई दुष्ट आहे," हा त्यांचा निकाल! गेल्या वर्षीं सभागृहांत आम्ही संपूर्ण चित्रपट दाखविला. पहिला अर्धा तास चुळबुळ इतकी, कीं बंद करावा असें आम्हांसहि वाटलें. आईच्या अखेरच्या आजारापर्यंत कथा आली तेव्हां तींच मुलें निःशब्द बसलीं होतीं.

तुकडे मुलांच्या हातीं देतों आपणच, जेवतांना त्यांनीं त्रास देऊं नये म्हणून. यंदांहि एक चित्रपट दाखविण्याचा विचार आहे. पालकांनींहि यावें, बाकें पुरेशीं आहेत. मोबाईल मात्र दाराशीं ठेवावे लागतील, मोठ्यांचेसुद्धां.