लुक्मा देणारा आणि घेणारा

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीत यंदा तरावीहला एकोणीस वर्षांचा हाफिज उभा आहे. रमजानमध्ये इशाच्या नमाजनंतर रोज साधारण सव्वा पारा, म्हणजे कुरआनच्या तीसपैकी सव्वा भाग, तोंडपाठ म्हटला जातो. ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इमामाच्या मागे, पहिल्या रांगेत, आणखी एक हाफिज असतो. त्याला ‘सामे’ म्हणतात, म्हणजे ऐकणारा. इमाम अडखळला किंवा एखादी आयत सुटली, की सामे मागून ती म्हणून देतो. याला ‘लुक्मा देणं’ म्हणतात. लुक्मा म्हणजे खरं तर घास. भरल्या मशिदीत चूक दाखवली जाते, इमाम ती दुरुस्त करतो आणि नमाज पुढे चालू राहते. कोणाचा अपमान होत नाही.

यंदा सामे म्हणून उभे आहेत ते या मुलाचे उस्ताद. इतकी वर्षं तेच पुढे असायचे. मी विचारलं, “हाफिजसाब, आवाज अजून खणखणीत आहे, मग मागे का?” ते म्हणाले, “त्याची भीती मी असतानाच मोडायला हवी. नंतर अडखळला तर मागे कोण असेल?”

कामाच्या ठिकाणी असा मागे सरकणारा वरिष्ठ क्वचितच भेटतो. आपल्या गावात यंत्रमागाच्या कारखान्यात जुना मुकादम माग दुरुस्त करताना नव्या पोराला नेमकं तेव्हाच चहा आणायला पिटाळतो. त्याचं भय मी समजू शकतो. त्याची नोकरी कागदावर नाही, हुनर हीच त्याची पेन्शन. पण ज्यांचा पगार न चुकता खात्यात जमा होतो, त्यांना कसली भीती? तरी साहेब हाताखालच्या हुशार मुलीचा अहवाल स्वतःच्या नावावर वर पाठवतात आणि बैठकीला तिला बोलवत नाहीत. विचारलं तर म्हणतात, “तिला अजून अनुभव नाही.” अनुभव यायचा कुठून?

या बाबतीत मला नेहमी मलिक अंबर आठवतो. हबशी गुलाम म्हणून तो दख्खनेत आला. निजामशाहीचा पेशवा चंगीजखान यानं त्याला विकत घेतलं आणि त्याच्यातली बुद्धी ओळखून कारभार शिकू दिला. (पेशवा हे पद पुण्याआधी अहमदनगरात होतं, हे आपण विसरतो.) त्याच चंगीजखानानं १५७४ मध्ये वऱ्हाड जिंकून देण्यात मोठा वाटा उचलला. कान भरणाऱ्यांनी सुलतान मुर्तजाला सांगितलं की हा स्वतंत्र होणार. सुलतानानं त्याला विष पाजलं. एका मालकानं माणूस घडवला आणि त्याच्या मालकानं घडवणाऱ्यालाच संपवलं.

पुढे अंबर स्वतः निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्यानं मराठा सरदारांना जवळ केलं, गनिमी काव्यानं मोगलांना जेरीस आणलं. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजा त्यानं बुडवल्या. त्या लढाईत शहाजीराजे गाजले, त्यांचे भाऊ शरीफजी कामी आले. आणि त्यानंतर लवकरच शहाजीराजे अंबरला सोडून विजापूरला गेले. भाऊबंदकी होतीच, पण शहाजीराजांचं वाढतं नाव अंबरला सलू लागलं, असंही इतिहासकार सांगतात. मला हा भाग सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. ज्याला स्वतःला कोणीतरी ओळखून वर आणलं होतं, तोही शेवटी असं वागला.

१६२६ मध्ये अंबर गेला. त्याचा मुलगा फतहखान यानं १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला. निजामशाही वाचवण्यासाठी शेवटपर्यंत लढले ते परत आलेले शहाजीराजेच, एका लहान वारसाला पुढे करून. १६३६ मध्ये त्यांनी शरणागती दिली ती माहुलीवर. आपल्या शेजारच्या शहापूर तालुक्यातला हा किल्ला.

आता स्वतःचं. चार वर्षांपूर्वी आमच्या विभागात तासिका तत्त्वावर एक तरुण बाई आल्या. माझ्या तासाला पेंगणारी मुलं त्यांच्या तासाला दारात उभी राहून ऐकायची. पुढच्या सत्राचं वेळापत्रक माझ्या हातात होतं. मी त्यांना शेवटचा तास दिला, अर्धी मुलं घरी किंवा कामावर गेलेली असतात तो. कोणी विचारलं असतं तर वरिष्ठतेचं कारण तयार होतं. त्यांनी विचारलंच नाही. वर्षाअखेरीस त्या दुसरीकडे गेल्या.

यंदा एक नवा मुलगा आला आहे. परवा स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर त्यानं सांगितलं, “सर, त्या शब्दाचा तुम्ही सांगता तो अर्थ बरोबर नाही.” मी “बघू” म्हणालो आणि चहा मागवला. रात्री तरावीहहून आल्यावर उर्दूचा कोश उघडला. तो बरोबर होता. इफ्तारनंतर त्याला फोन करायचा असं रोज ठरवतो. आज पाचवा दिवस आहे.