सात दिवसांचा हिशेब

मुरबाड तालुक्यातील धसई हे गाव डिसेंबर 2016 मध्ये राज्यातील पहिले 'कॅशलेस गाव' म्हणून गाजले. नोटाबंदीने गांजलेल्या ग्रामीण जनतेच्या हाती कार्डयंत्रे देऊन शासनाने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये कान टोचल्यावर त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारने आणखी एक 'कॅशलेस' योजना आणली. मोटार अपघातातील जखमीवर 7 दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत, नियुक्त रुग्णालयात विनामूल्य उपचार! योजना स्वागतार्ह आहे. परंतु डोक्याला मार लागलेल्या माणसाचा खरा खर्च या सात दिवसांत मावतो काय?

डोक्याच्या दुखापतीत पहिला घाव रस्त्यावर बसतो आणि दुसरा त्यानंतरच्या तासांत. कवटीच्या आत रक्त साकळते, मेंदूला सूज येते, प्राणवायू कमी पडून वाचू शकणाऱ्या पेशीही मरतात. हा दुसरा घाव बऱ्याच अंशी टाळता येतो. त्यासाठी श्वासमार्ग मोकळा ठेवणारे शिकलेले हात, सी. टी. स्कॅन आणि मेंदूचा शल्यचिकित्सक वेळेत मिळावा लागतो. आमचा जखमी मात्र मुरबाडहून उल्हासनगर वा ठाणे आणि तेथून शीव वा परळ असा चिठ्ठीमागून चिठ्ठी घेत जातो. कायद्याने गौरविलेला 'सोनेरी तास' वाटेतच सरतो. मुंबईतील सार्वजनिक रुग्णालयांच्या खाटा अशा रुग्णांनी आठवडेच्या आठवडे अडतात, कारण त्यांना पुढील शुश्रूषेसाठी तालुक्यात पाठवावे अशी सोयच उभारलेली नाही.

माझ्या परिचयाचा एक वीटभट्टी मजूर दुचाकीवरून पडला. सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला. दप्तरी तो 'बरा होऊन घरी गेला'. घरी मात्र त्याला धाकट्या मुलीचे नाव आठवत नाही, संताप आवरत नाही, मधूनच झटके येतात. त्याला एकटे ठेवता येत नाही म्हणून पत्नीचे काम सुटले. भट्टीवाल्याची उचल अंगावर राहिली. ती फेडण्यासाठी मुलाने शाळा सोडली. एका अपघाताने दोन मजुऱ्या बुडविल्या आणि तिसरी अवेळी सुरू केली. हा खर्च कोणत्याही रुग्णालयाच्या बिलात नाही. शासनाने तो वाचविलेला नाही, केवळ झोपडीच्या खात्यावर लिहिला आहे.

अपंगत्वाचा दाखला मिळवावा म्हटले, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत मेंदूच्या आघाताचे स्वतंत्र नाव नाही. हात-पाय धड असलेल्या माणसाची हरवलेली स्मृती कोणत्या रकान्यात भरायची? शिवाय मोहाच्या झाडावरून वा बांधकामाच्या परातीवरून पडलेल्याला मोटार अपघाताची योजना लागू नाही. कष्टकऱ्याचे डोके केवळ मोटारीनेच फुटते, असे दिल्लीस वाटते की काय?

2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांपैकी 50,029 जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते. हेल्मेटचा आग्रह आपणही धरलाच पाहिजे. परंतु जेथे एस. टी. च्या फेऱ्या अपुऱ्या आहेत, तेथे एका दुचाकीवर तिघे कामाला का निघतात, हा प्रश्न दंडाच्या पावतीने सुटत नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. मुरबाड-शहापूरसारख्या प्रत्येक तालुक्यात चोवीस तास चालणारे सी. टी. स्कॅन आणि अपघात उपचाराचे प्रशिक्षण घेतलेले कर्मचारी हवेत. घरी परतलेल्यासाठी व्यायामोपचार, वाचोपचार आणि झटक्यांची औषधे तालुक्यातच मिळावीत. त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीस बुडालेल्या मजुरीचा भत्ता मिळावा.

कार्यकर्त्यांनी आरंभ गावापासून करावा. गेल्या पाच वर्षांत डोक्याला मार लागलेल्यांची यादी वाडीवस्तीवर जाऊन करावी, आणि प्रत्येक नावापुढे आठव्या दिवसानंतर त्या घराचे काय झाले ते लिहावे. आपले मागणीपत्र त्या यादीतूनच तयार होईल.