आर्ट्स कॉलेजची इमारत आपलीही आहे

उस्मानिया विद्यापीठाच्या आर्ट्स कॉलेजची इमारत हैदराबादकराला ओळखून द्यावी लागत नाही. पण आपल्या मराठी घरांत तिच्याविषयी बोलणे निघाले की दोनच सूर ऐकू येतात. एक, 'निजामाने काय देखणी वास्तू बांधली!' दुसरा, 'ती त्यांची, आपला काय संबंध?' आम्हांला हे दोन्ही सूर अपुरे वाटतात.

विद्यापीठाचे फर्मान निघाले ते १९१७-१८ साली. वर्ग सुरू झाले १९१९ मध्ये, तेही भाड्याच्या घरांत. अडिकमेटची माळरानाची जागा सुचवली पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने. पुढे १९३० मध्ये झैन यार जंग आणि सय्यद अली रझा या दोघांना परदेशातली विद्यापीठे पाहायला पाठवले गेले आणि अर्न्स्ट जास्पर या बेल्जियन वास्तुविशारदाची निवड झाली. ५ जुलै १९३४ रोजी पायाभरणी आणि ४ डिसेंबर १९३९ रोजी उद्घाटन, दोन्ही मीर उस्मान अली खान यांच्या हस्ते.

आता इमारतीकडे जरा नीट पाहा. मधली उंच कमान इस्लामी वळणाची, पण खांब वेरूळ-अजिंठ्याच्या धाटणीचे. वेरूळ कुठे आहे? मराठवाड्यात. आणि तेव्हा मराठवाडा कुठे होता? निजामाच्या राज्यात. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांचा शेतसारा ज्या तिजोरीत जात होता, त्याच तिजोरीतून हा गुलाबी ग्रॅनाइट उभा राहिला. तेव्हा कुणी 'निजामाने बांधली' म्हटले की आम्ही विचारतो, पैसा कोणाचा होता?

आत मात्र परिस्थिती वेगळी होती. शिक्षणाचे माध्यम उर्दू. मराठी, तेलुगू, कन्नड या प्रजेच्या भाषा, पण त्यांना जागा होती एकेका विषयापुरती. परभणीच्या खेड्यातला मुलगा इतिहास शिके, गणित शिके ते उर्दूतून. आपल्या कित्येक आजोबांचे उर्दू इतके सफाईदार का होते, ते यावरून कळावे! तरीही एक गोष्ट मोकळ्या मनाने मान्य केली पाहिजे. भाषांतराचे स्वतंत्र खाते काढून, शास्त्रे आणि वैद्यक देशी भाषेत शिकवता येते हे या विद्यापीठाने करून दाखवले. ती भाषा आपली नव्हती हे दुःख खरेच, पण 'मराठीतून उच्च शिक्षण शक्यच नाही' असे म्हणणाऱ्यांना उत्तर आपल्याच गावात उभे आहे.

१९३८ च्या अखेरीस, म्हणजे इमारत पुरी होण्याआधी वर्षभर, वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यावर बंदी आली. औरंगाबादच्या इंटरमीडिएट कॉलेजातही तेच घडले. मुलांनी ऐकले नाही, तेव्हा शेकड्यांनी काढून टाकली गेली. त्यांना आसरा दिला नागपूर विद्यापीठाने, कुलगुरू टी. जे. केदार यांनी. मराठी मुले त्यांत होती, तेलुगू आणि कन्नडही होती. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्यांतलेच, आणि त्यांचे मराठी उत्तम होते हे आपण जाणतोच.

१९४८ नंतर उर्दू माध्यम गेले, पण तिच्या जागी इंग्रजी आली, आपली कोणाचीच नाही. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९५८ मध्ये तिकडे स्वतंत्र विद्यापीठ झाले, आणि तिकडून शिकायला येणारा मुलांचा ओघ आटला. मागे राहिलो आपण. तेलंगणच्या विद्यार्थ्यांनी २००९ साली याच इमारतीसमोर आंदोलन उभे केले, आणि २०१४ साली त्यांना राज्य मिळाले. ही वास्तू आपली आहे असे त्यांनी ठणकावून सांगितले, म्हणून ती त्यांची झाली. यात त्यांचे काही चुकले नाही. आपण मात्र सुलतान बाजार, काचीगुड्यातून तिकडे पाहत राहिलो.

आमचे म्हणणे एवढेच की तिथे मराठी हा विषय घ्यायला आपल्या घरांतून मुले जात नसतील, तर तक्रार कोणाकडे करायची? मुलगा इंजिनिअर होऊ दे, पण धाकट्या मुलीला किंवा सुनेला मराठीत एम.ए. करायचे असेल तर 'त्याचा काय उपयोग' हा प्रश्न निदान आपण तरी विचारू नये. वर्गात विद्यार्थीच नसतील तर कोणतेही सरकार प्राध्यापकाची जागा भरत नाही.

आणि एक काम लगेच करण्याजोगे आहे. ज्यांच्या ट्रंकेत आजोबांची उस्मानियाची उर्दू सनद असेल, वसतिगृहातला फोटो असेल, १९३८ साली काढून टाकल्याचे पत्र असेल, त्यांनी ते मंडळाच्या कार्यालयात आणावे. प्रत काढून मूळ कागद त्याच वेळी परत दिला जाईल. ज्यांना उर्दू वाचता येते अशी वडीलधारी मंडळी आता थोडी उरली आहेत. त्यांनी संध्याकाळचा तासभर द्यावा, म्हणजे हे कागद मराठीत उतरवून घेता येतील.