तेल समुद्रात, तेजी बाजारात

सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस अंदमानच्या पूर्व किनाऱ्यालगत खोदलेल्या श्री विजयपुरम-२ या विहिरीत नैसर्गिक वायू आढळल्याचे केंद्रीय पेट्रोलियम मंत्र्यांनी जाहीर केले. विहीर सार्वजनिक क्षेत्रातील ऑइल इंडियाची. त्यानंतर आमच्या अभ्यासमंडळाची बैठक झाली. ती आटोपल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने ओशाळूनच विचारले, "सर, आता कोणता शेअर घेऊन ठेवावा?" दोघेतिघे हसले. मला मात्र हसू आले नाही.

हा तरुण एका पतसंस्थेत कारकून आहे. त्याला निवृत्तिवेतन नाही आणि मुदतठेवीचे व्याज महागाईपुढे टिकत नाही. देशातील डिमॅट खात्यांची संख्या २० कोटींच्या पुढे गेली ती काही देशात तेवढे भांडवलदार निर्माण झाले म्हणून नव्हे. म्हातारपणाची तरतूद समाजाने अंगावरून झटकून टाकली, की पगारदार माणूस बाजाराच्या दारात जाऊन उभा राहतो. त्याला सट्टेबाज म्हणून हिणवण्याची आपल्या मंडळींची जुनी सवय आहे. ती सोडावी आणि तेथे त्याला नेमके काय विकले जाते ते पाहावे, असे मला वाटते.

विहिरीत वायू आढळणे ही केवळ पहिली पायरी होय. तो किती दूरवर पसरला आहे, खडक किती सच्छिद्र आहे, दाब किती काळ टिकेल, हे समजण्यासाठी आणखी विहिरी खोदाव्या लागतात. त्यांतला किती वर काढता येईल आणि कोणत्या भावात परवडेल, हा प्रश्न तर त्याहून पुढचा. या सगळ्यात वर्षे जातात. बाजार मात्र दुपारपर्यंत किंमत ठरवून मोकळा होतो. रिकार्डोने जमिनीच्या संदर्भात खंडाची मीमांसा केली. तेलविहिरीचे अतिरिक्त उत्पन्न हाही खंडच, आणि न्यायाने तो जमिनीच्या मालकाचा, म्हणजे येथे जनतेचा. शोधाची बातमी येताच बाजारात विकला जातो तो हा पुढल्या वीस वर्षांचा खंड, आणि तोही मोजमाप होण्यापूर्वी. बातमी आणि मोजमाप यांच्या मधल्या काळात ज्याच्या हाती विहिरीची आकडेवारी असते तो विकू शकतो. ज्याच्या हाती केवळ वर्तमानपत्र असते तो विकत घेतो.

ब्राझीलमधील ओजीएक्स या कंपनीची कथा या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. एइके बतिस्ता यांनी ती २००७ मध्ये स्थापन केली आणि २००८ च्या जूनमध्ये, तेलाचे एक पिंपही काढलेले नसताना, भागविक्रीतून सुमारे ६७० कोटी रेआल उभे केले. पुढे शोधामागून शोध जाहीर होत राहिले. २०१२ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये कळले की विहिरीमागे रोज सुमारे ५,००० पिंपेच तेल मिळणार. बाजाराची अपेक्षा याहून कितीतरी अधिक होती. जुलै २०१३ मध्ये कंपनीने त्या क्षेत्रात पुढे पैसा घालण्यात अर्थ नसल्याचे कबूल केले आणि ऑक्टोबरअखेर ती दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली. आतली माहिती हाती असताना समभाग विकल्याबद्दल तेथील रोखे नियामकाने २०१९ मध्ये बतिस्ता यांना ५० कोटी रेआलहून अधिक दंड ठोठावला. वर्तमानपत्र वाचून समभाग घेणाऱ्यांचे पैसे त्यापूर्वीच बुडाले होते.

आपल्याकडे २००२ च्या ऑक्टोबरात रिलायन्सने कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील समुद्रात प्रचंड वायूसाठा सापडल्याचे जाहीर केले. २००६ च्या आराखड्यात दररोज ८ कोटी घनमीटर वायूचे आश्वासन होते. उत्पादन २००९ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले, २०१० मध्ये ६ कोटींच्या आसपास पोचले आणि २०१३ पर्यंत दीड कोटीच्या घरात घसरले. मुख्य क्षेत्रातील साठ्याचा अंदाज जवळपास एक तृतीयांशावर आला. भूगर्भाने चकविले असे कंपनी म्हणाली; ठरल्याएवढ्या विहिरी खोदल्याच नाहीत असे सरकार म्हणाले, आणि वाद लवादापुढे गेला. त्याच क्षेत्रात २०२० नंतर नव्या विहिरींतून वायू पुन्हा येऊ लागला, हेही नमूद केले पाहिजे. रिलायन्स अवाढव्य असल्याने तिने हा धक्का पचविला. तिची दहा टक्क्यांची भागीदार असलेल्या कॅनडातील नायको कंपनीचा समभाग मात्र शंभर डॉलरवरून २०१५ पर्यंत एका डॉलरच्याही खाली आला.

परंतु त्या बातमीवर केवळ भागधारकांनीच विश्वास ठेवला असे नव्हे. वायू येणार म्हणून वीजप्रकल्प उभे राहिले, त्यांना सार्वजनिक बँकांनी कर्जे दिली. २०१५ पर्यंत देशात १४,००० मेगावॉटहून अधिक क्षमता वायूअभावी ठप्प होती. एन्रॉनच्या अवशेषांतून उभारलेला आपला दाभोळचा प्रकल्पही कृष्णा-गोदावरीचा वायू बंद पडताच २०१३ मध्ये थंडावला. ज्याने आयुष्यात एकही शेअर घेतला नाही, तोही बँकेचा ठेवीदार आणि विजेचा ग्राहक या नात्याने या जुगारात ओढला गेला.

आणखी एक बारकावा आहे. 'शोध' या शब्दाला करारात कायदेशीर वजन असते. टप्प्याटप्प्याने परत करावयाचे क्षेत्र, सगळेच शोधक्षेत्र ठरविल्यामुळे, कंपनीकडेच राहिले, असा आक्षेप महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात घेतला होता. हा वायू जनतेच्या मालकीचा आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले खरे. पण मालकाला आपल्या मालाची मोजदाद प्रसिद्धीपत्रकातून कळावी, हा कोणता न्याय?

१९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट'ने मुंबईच्या समुद्रात तेल शोधले तेव्हा मी शाळेत होतो. गुरुजींनी फळ्यावर नकाशा काढून जागा दाखविली होती. दलाल स्ट्रीटवर त्या शोधाचा समभाग मिळत नव्हता, कारण तेल आयोगाला समभागच नव्हते. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, तेल येऊ लागले. सार्वजनिक क्षेत्र निर्दोष होते असे मी म्हणत नाही. मंत्र्यांना मोठे आकडे सांगण्याची हौस तेव्हाही होती आणि आजही आहे. जून २०२५ मध्ये अंदमानची तुलना थेट गयानाशी झाली, तीही वायू आढळण्यापूर्वी. फरक इतकाच, की त्या वेळच्या फुगवलेल्या आकड्यावर कारकुनाची शिल्लक लागलेली नव्हती.

त्या तरुणाला मी कोणताही शेअर सुचविला नाही. अंदमानात मूल्यमापनाच्या किती विहिरी खोदल्या आणि त्यांत काय मिळाले ते आधी पाहा, एवढेच म्हणालो. तो म्हणाला, "सर, हे कोठे छापून येते?" हायड्रोकार्बन महासंचालनालयाने प्रत्येक विहिरीच्या चाचणीचे आकडे, शेअर बाजार उघडण्यापूर्वी, मराठीसह सर्व भारतीय भाषांत प्रसिद्ध करावेत, अशी मागणी आपल्या प्रतिनिधींनी संसदेत करावी. तोपर्यंत त्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही.