काडी बसवाल, पण काढणार कोण?

प्रति,
केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्री,
नवी दिल्ली

महोदय,

सरकारी दवाखान्यांत दंडात बसवायची गर्भनिरोधक काडी टप्प्याटप्प्याने येते आहे, हे चांगलंच झालं. कातडीखालची चार सेंटिमीटरची काडी तीन वर्षं पाळणा लांबवते. रोज गोळीची आठवण ठेवायला नको. एरवी आपल्याकडे सगळी भिस्त बाईच्या ऑपरेशनवर. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदी झालेली होती, पुरुषांची जेमतेम ०.३ टक्के. पंचविशीतल्या मुलीला याहून वेगळा पर्याय हवाच.

पण दिल्लीला जुना अनुभव आहे. नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीत हैदराबादजवळच्या पाटणचेरूच्या बायकांना ही चाचणी आहे, हेच सांगितलं नव्हतं. त्याविरुद्ध १९८६ मध्ये हैदराबादची स्त्री शक्ती संघटना आणि दिल्लीची ‘सहेली’ संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पुढे दंडात बसवायच्या सहा नळ्यांच्या नॉरप्लांटलाही विरोध झाला. त्यातला एक आक्षेप आजही लागू आहे: गोळी बाई स्वतः थांबवते, इंजेक्शनचा अंमल काही महिन्यांत ओसरतो, काडी मात्र दुसऱ्यानेच काढावी लागते.

राजधानी परिसरात तर काडी काढून घेणं फारच अवघड. दिल्लीच्या संगम विहारमध्ये काडी बसवलेली बाई कामासाठी नोएडाला जाते, म्हणजे उत्तर प्रदेशात; गुरुग्रामला गेली तर हरियाणात. मधूनच रक्त जायला लागलं, तर तिने कुठल्या राज्याच्या दारात उभं राहायचं? ‘तीन वर्षं होऊ द्या, मग बघू,’ असं कुणी तिला सांगता कामा नये.

म्हणून मागणी अशी. काडी बसवण्याची सोय असलेल्या कुठल्याही सरकारी केंद्रात, कुठल्याही राज्यात, कारण न विचारता आणि फुकट ती काढून मिळावी. पाळी बिघडू शकते आणि एचआयव्हीपासून ही काडी वाचवत नाही, हे आधीच सांगावं. तारखेचं कार्ड बाईला तिच्या भाषेत द्यावं.

१९९६ मध्ये सरकारने कुटुंब नियोजनाची टार्गेटं रद्द केली. ‘किती काड्या बसवल्या’ हे नवं टार्गेट होऊ देऊ नका. किती जणींनी काढायला सांगितली आणि किती जणींची किती दिवसांत काढली, हेही जिल्हावार जाहीर करा.

आपली,
नोएडातील एक मराठी रहिवासी